वाकनीस : एका विरळ आडनांवाची पूर्वपीठिका

कर्जताहून मुरबाडाकडे जाणाऱ्या वाटेवर कशेळें हा बाजाराचा गांव आहे. येथून खांडसची वाट फुटते व ती पुढें भीमाशंकराच्या घाटांस जाऊन मिळते. त्याच अंगास डोंगररांगेंतून वर निघालेला कोथळीगडाचा सुळका दिसतो. आसपासचे लोक त्यास पेठचा किल्ला म्हणून ओळखतात. या भागांत जुने कागद पाहण्याच्या निमित्तानें आमचें जाणें झालें असतां तेथील एका वृद्ध शिक्षकांनीं आम्हांस एक प्रश्न घातला. सबनीस, फडणीस, चिटणीस, कारखानीस हीं आडनांवें महाराष्ट्रांत पावलोपावलीं भेटतात. मग वाकनीस आडनांवाचें कुटुंब इतकें क्वचित् कां भेटावें? वाकनीस तर अष्टप्रधानांपैकीं. किल्ल्यावरच्या लहान हुद्द्यांचीं नांवें देशभर पसरलीं आणि प्रत्यक्ष महाराजांच्या सन्निध असलेल्या हुद्द्याचें नांव विरळ झालें, हें उलटें कसें? प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हीं थोडक्यांत दिलें. तेंच येथें विस्तारानें मांडीत आहों.

अशा प्रश्नास नेहमीं मिळणारें उत्तर म्हणजे त्या घराण्याचा वंश खुंटला असावा, हें होय. हें उत्तर आम्हांस पटत नाहीं. वंश खुंटणें हा एखाद्या घराचा योगायोग असतो. हुद्द्यावरून पडलेल्या आडनांवाचा प्रसार किंवा संकोच मात्र त्या हुद्द्याच्या जागा किती होत्या व त्या एकाच घरांत किती पिढ्या राहिल्या यांवर ठरतो. वाकनीस या नांवाचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

प्रथम शब्द पाहूं. अरबी ‘वाकिआ’ म्हणजे घडलेली गोष्ट, आणि फारशी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा. वाकिआनवीस, वाकेनवीस, वाकनीस असा हा उतार आहे. ‘नवीस’ या उत्तरपदाचें मराठींत ‘नीस’ होतें हें आतां कोणास सांगावयास नको. जमेनीस, पोतनीस, पारसनीस, हशमनीस हीं सर्व त्याच सांच्यांतील नांवें. जमेनीस जमेचा हिशेब लिहिणारा, पोतनीस ‘फोता’ म्हणजे खजिन्याची रक्कम लिहिणारा, पारसनीस फारशी पत्रव्यवहार करणारा, हशमनीस हशमांची म्हणजे पायदळ शिबंदीची हजिरी लिहिणारा. फडणिसाविषयीं मात्र दोन मतें आहेत : कोणी तो ‘फर्द’ म्हणजे यादीचा बंद लिहिणारा म्हणून फर्दनवीस समजतात, तर कोणी आपल्या मराठी ‘फड’ शब्दास फारशी शेंपूट लागली असें मानतात. माधवराव पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालीं प्रसिद्ध झाल्यापासून या नांवांची चिकित्सा पुष्कळ सोपी झाली आहे. कोश हातीं नसतां ‘वाक’ म्हणजे वाणी, व वाकनीस म्हणजे महाराजांची वाणी लिहून घेणारा, अशी संस्कृत व्युत्पत्ति बसविण्याचा मोह होतो. ऐकावयास ती गोड आहे, एवढेंच तिच्याविषयीं म्हणतां येईल.

या हुद्द्याचें मूळ काम वर्तमान लिहिण्याचें. मोगली अमलांत सुभ्यासुभ्यांतून वाकिआनवीस नेमलेले असत. सुभ्यांत काय घडलें याच्या बातम्या ते दरबारास पाठवीत आणि त्या बादशहापुढें वाचल्या जात. त्यांच्यावरहि नजर ठेवण्यासाठीं गुप्त बातमी देणारे खुफियानवीस निराळे असत. कशेळ्याच्या डोक्यावरील कोथळीगड १६८४ सालच्या अखेरीस मोगलांच्या हातीं गेला व तो परत घेण्याच्या खटपटींत मराठ्यांचीं माणसें खर्चीं पडलीं, ही हकीकत आज आपणांस मुख्यतः मोगलांकडील लेखनावरूनच कळते. किल्ला गमावणाराच्या दप्तरापेक्षां घेणाराच्या दप्तरांत त्याची नोंद अधिक टिकली, ही इतिहासाची नेहमींचीच तऱ्हा आहे.

मराठी राज्यांत या कामास थोडें वेगळें वळण लागलें. येथील वाकनीस महाराजांच्या जवळचा असे. राज्याभिषेकसमयीं प्रधानांचीं जीं कामें वांटून दिलीं त्यांचा जो जाबता उपलब्ध आहे त्यांत मंत्र्याकडे राजकारणाचा सावध विचार, आमंत्रणें-निमंत्रणें आणि वाकनिशी हीं एकत्र सोंपविलीं आहेत. राजाचा नित्यक्रम, भेटीस कोण आलें, पंक्तीस कोण बसलें, यांची टिपणी आणि राजाच्या जीविताची काळजी असें या कामाचें स्वरूप. असें काम करणारा मनुष्य राज्यांत एकच असावयाचा. दहा ठिकाणीं दहा वाकनीस ठेवण्याचें कारण नव्हतें, कारण राजा एक होता.

आतां या एका जागेवर कोण कोण आले तें पाहूं. शहाजीराजांनीं पुण्याकडे जे चार कारभारी दिले म्हणून सभासद सांगतो, त्यांत शामराव नीलकंठ पेशवे, बाळकृष्णपंत मुजुमदार, सोनोपंत डबीर व रघुनाथ बल्लाळ सबनीस हे आहेत; वाकनीस नाहीं. जहागीर लहान, तेव्हां त्या कामाची गरज पडली नसावी. पुढें राज्य वाढल्यावर वाकनिशीवर गंगाजी मंगाजी दिसतो. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळीं त्या जागीं दत्ताजी त्र्यंबक आहे. शाहूमहाराजांच्या कारकीर्दींत मंत्रिपद नारो राम शेणवी यांच्याकडे होतें. या तिघांचे बाप निराळे, घरें निराळीं; शेवटचे तर ज्ञातीनेंहि निराळे. ज्या जागेवर दर वेळीं नवें घर येतें त्या जागेचें नांव कोणत्याच घरास चिकटत नाहीं.

याच्या उलट डबिराचें पाहावें. सोनोपंत डबीर, त्यांचे पुत्र त्र्यंबक सोनदेव, त्यांचे पुत्र रामचंद्र त्र्यंबक, असे तीन पिढ्या एकाच घरानें तें काम केलें. रामचंद्र त्र्यंबक हेच राज्याभिषेकसमयींचे सुमंत. तीन पिढ्यांत नांव मुरलें व डबीर हें आडनांव टिकलें. जातां जातां एक गोष्ट सांगून टाकतों. ‘डबीर’ हा फारशी ‘दबीर’, पण त्याचें नातें आपल्याकडे फार जुनें आहे. अशोकाच्या शाहबाझगढी व मानसेहरा येथील लेखांत लिपीस ‘दिपि’ म्हटलें आहे. वलभीच्या मैत्रकांच्या ताम्रपटांत ‘दिविरपति’ हा अधिकारी येतो. काश्मीराकडील ग्रंथांत ‘दिविर’ हे कारकून भेटतात. मुसलमानी अमलापूर्वीं कित्येक शतकें हा शब्द हिंदुस्थानांत वावरत होता. ज्यांस परकी शब्द म्हणून फारशी हुद्द्यांचा विटाळ वाटतो, त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें.

वाकनीस या नांवावर दुसरा घाला राज्याभिषेकानेंच घातला. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६ रोजीं रायगडावर अभिषेक झाला आणि प्रधानांस संस्कृत पदें मिळालीं : पेशव्यास मुख्यप्रधान, मुजुमदारास अमात्य, सुरनिसास सचिव, वाकनिसास मंत्री, डबिरास सुमंत, सरनोबतास सेनापति. राजव्यवहारकोशाची रचना याच धोरणांतून झाली. या बदलाचा परिणाम वरच्या थरांत टिकला, खालच्या थरांत टिकला नाहीं. भोरचे पंतसचिव, बावड्याचे पंतअमात्य हीं घराणीं संस्कृत पदानेंच पुढें नांवाजलीं. त्यांस सुरनीस किंवा मुजुमदार कोणी म्हटलें नाहीं. त्याच न्यायानें वाकनिशीचें मोठेपण ‘मंत्री’ या शब्दांत जाऊन बसलें. आज मंत्री हें आडनांव असलेलीं घरेंहि महाराष्ट्रांत आहेत. पेशव्यांचें उदाहरण मात्र या नियमाविरुद्ध जातें. तेथें फारशी नांवच विजयी झालें आणि मुख्यप्रधान हें पद शिक्क्यांत उरलें. पण शिक्क्याबाहेर लोकांच्या तोंडीं काय राहील हें कोणाच्या आज्ञेवर नसतें.

किल्ल्याकिल्ल्यांवर मात्र जुनींच नांवें चालूं राहिलीं. सभासदानें सांगितलेली व्यवस्था अशी कीं, प्रत्येक गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे एका तोलाचे अधिकारी ठेवावे आणि दाणागोटा व सामानासुमानासाठीं कारखानीस असावा. हवालदार व सरनोबत मराठे, सबनीस ब्राह्मण, कारखानीस प्रभु, अशी ज्ञातींचीहि वांटणी होती. एकानें फितूर करावयाचें म्हटलें तरी दुसऱ्याच्या संमतीवांचून गड हवालीं होऊं नये, हा त्यांतील हेतु. आतां कशेळ्याहून पेठच्या किल्ल्याकडे पाहावें. कातळांत कोरलेल्या पायऱ्यांनीं चढावें लागणारा तो एक सुळका. तेथें राहावयास जागा ती किती! तरीहि या व्यवस्थेप्रमाणें त्याचे हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस हे ठरलेलेच. असे किल्ले राज्यांत शेंकड्यांनीं होते. म्हणजे सबनिशीच्या जागा शेंकड्यांनीं झाल्या, कारखानिशीच्याहि झाल्या. वाकनिशीची जागा त्या यादींत एकहि नाहीं.

पेशवाईंत हा फरक आणखी वाढला. सरदारांच्या पथकांवर, महालांवर, सुभ्यांवर सरकारांतून दरकदार नेमून देण्याची चाल पडली. मोठ्या ठिकाणीं हे दरकदार आठ असत : दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार आणि पोतनीस. सरदारानें यांस आपल्या मर्जीनें काढूं नये व यांच्या हातून हिशेबाचे कागद सरकारास कळावे, अशी योजना होती. दरक बहुधा वंशपरंपरेनें चाले; बाप गेला म्हणजे मुलाच्या नांवें सनद होई. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले, पवार यांच्याबरोबर ही आठांची पंगत ग्वाल्हेर, इंदूर, बडोदें, नागपूर, धार येथवर जाऊन बसली. आतां वाचकांनीं वरील आठ नांवें पुन्हा एकदां पाहावीं. आज ज्या हुद्देवाचक आडनांवांचा आपल्यांत सुकाळ आहे तीं जवळजवळ सर्व त्यांत आलीं आहेत, आणि वाकनीस त्यांत नाहीं. आमच्या मतें शिक्षकांच्या प्रश्नाचें मर्म येथें आहे. जो हुद्दा पथकापथकांत उतरला व वतनासारखा चालला त्याचें आडनांव फैलावलें. जो राजाच्या देवडीपुरताच राहिला त्याचें विरळ झालें. सुरनीस, पारसनीस, हशमनीस या नांवांची विरळताहि याच मापानें मोजावी. फारशी लिहिणाराची गरज दरबारास लागे, महालास लागत नसे. पारसनीस हें नांव आज सर्वांच्या कानांवर आहे तें संख्येमुळें नव्हे. ‘इतिहाससंग्रह’कार दत्तात्रय बळवंत पारसनिसांनीं तें घरोघर नेलें.

येथें कोणी म्हणेल कीं, जागा पुष्कळ असणें एवढेंच कारण असतें तर गांवोगांवच्या लोहार-सुतारांचीं नांवें सर्वांत अधिक पसरावयास हवीं होतीं. इंग्लंडांत तसें झालें आहे. तेथें गांवोगांव लोहार, म्हणून स्मिथ हें आडनांव सर्वांत अधिक. तेथेंहि हुद्द्यांचीं आडनांवें आहेत. आमच्या कारखानिसाचा जुळा भाऊ म्हणजे त्यांचा स्पेन्सर, मूळचा डिस्पेन्सर, कोठींतून जिन्नस काढून देणारा. स्कॉटलंडच्या राजघराण्याचें स्टुअर्ट हें नांव तर राजाच्या घरकारभाऱ्याच्या हुद्द्यावरूनच पडलें. आमच्या पेशव्यांशीं त्याची तुलना करण्याचा मोह आम्हीं आवरतों. पण आमच्याकडे गांवचा लोहार बारा बलुत्यांपैकीं. जुन्या कागदांत त्याच्या नांवापुढें ‘लोहार’ येतें तें त्याची जात व बलुत्याचा हक्क सांगण्यासाठीं. सगळी जातच त्या नांवाची असल्यावर एका घरास दुसऱ्यापासून निराळें करण्यास तें नांव निरुपयोगी ठरतें, आणि आडनांवाचें काम तर तेंच.

याचा पडताळा कशेळ्याच्या बाजारांतच मिळतो. येथें आसपासच्या वाड्यांतून येणारे कातकरी हे नांवानेंच धंदेवाईक. खैराचा कात काढणारे ते कातकरी. पण त्यांचीं आडनांवें वाघमारे, पवार, जाधव, मुकणे, हिलम अशीं आहेत. कुलाब्याकडील बेने इस्राएल लोक तेलाचा घाणा चालवीत व शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनिवार तेली म्हणत; त्यांच्या घरांचीं आडनांवें मात्र केहीमकर, रोहेकर अशीं गांवांवरून पडलीं. तेली हें त्यांच्या समाजास लोकांनीं दिलेलें नांव होतें, घराचें नव्हे. उलट याच टापूंतील आगरी वस्तींत पाटील आडनांव उदंड आहे. पाटिलकी हा गांवोगांवचा हक्क आणि तो एका घराकडे पिढ्यान्‌पिढ्या चालणारा. जागाहि पुष्कळ आणि सातत्यहि. मराठी आडनांवांत धंद्यापेक्षां वतनाचा व दरकाचा ठसा अधिक उमटला तो असा.

आतां संशोधकांस उपयोगी पडेल अशी एक सावधगिरीची सूचना. विरळ आडनांव असलेल्या घरांत आपण अष्टप्रधानांच्या वंशांतील, अशी समजूत सहज रुजते, व कुलवृत्तान्त छापतांना ती पहिल्या पानावर येते. नुसत्या आडनांवावरून असें अनुमान काढूं नये. साताऱ्याचे चिटणीस मूळचे चित्रे; बाळाजी आवजींच्या हुद्द्यानें घराचें नांव पालटलें. नाना फडणिसांचें घर मूळचें भानूंचें. चिटणिशी व फडणिशी दुसऱ्या कित्येक घरांनींहि केली, आणि त्यांचा या दोघांशीं कांहीं संबंध नाहीं. सबनीस तर ब्राह्मणांत आहेत, प्रभूंत आहेत, सारस्वतांत आहेत. तेव्हां वाकनीस आडनांवाचें घर दत्ताजी त्र्यंबकाचेंच असलें पाहिजे असें होत नाहीं. प्रधानाच्या हाताखालीं वाकनिशीचें दप्तर प्रत्यक्ष लिहिणारे कारकून असावयाचेच. प्रधान बदलले तरी लिहिणारे तेच राहण्याचा संभव अधिक. आमचें अनुमान असें कीं, हें आडनांव टिकलें तें प्रधानाच्या घरापेक्षां या लेखणीवाल्यांच्या घरांत टिकलें असावें. मुख्य माणसाचें नांव पदास गेलें आणि पदाचें नांव मुतालिकाच्या घरास राहिलें, यांत अशक्य कांहीं नाहीं. हें अनुमान खरें कीं खोटें तें गोत्र, मूळचें उपनाम आणि सनद या तीन गोष्टी एका घराच्या कागदांत एकत्र सांपडल्या म्हणजे ठरेल.

आणि हे कागद झपाट्यानें नाहींसे होत आहेत. या प्रवासांत एका घरीं आम्हांस माळ्यावरचे दोन रुमाल दाखविण्यांत आले. वरच्या बंदांवर मोडी अक्षर सुरेख होतें, आंत उघडतांच वाळवीनें मधला भाग चाळणीसारखा केलेला. मालकांनीं सांगितलें कीं, असेच चार रुमाल घर दुरुस्त करतांना रद्दींत गेले. त्यांत काय होतें तें कोणासच वाचतां येत नव्हतें.

कर्जताकडील कागद शोधणारांनीं दुसरी एक अडचण लक्ष्यांत ठेवावी. हा तालुका १८९१ पर्यंत ठाणें जिल्ह्यांत होता, मग कुलाब्यांत आला, आणि कुलाब्याचें नांव १९८१ सालीं रायगड झालें. त्यामुळें कोथळीगडाचें वर्णन कुलाब्याच्या गॅझेटिअरांत शोधूं जातां हातीं कांहीं लागत नाहीं. तें १८८२ च्या ठाणें गॅझेटिअरांत आहे. किल्ला १८१७ च्या अखेरीस इंग्रजांकडे गेला, तेव्हां त्यापूर्वींच्या नेमणुकांचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत कल्याण प्रांताच्या रुमालांतून पाहावे. सरदेसायांनीं संपादिलेल्या पंचेचाळीस खंडांतून त्या दप्तराचा अल्पच भाग छापला गेला आहे, म्हणून छापील सूचीवर भिस्त ठेवून चालणार नाहीं. इनाम कमिशनापुढें दरकदारांच्या वंशजांनीं दिलेल्या कैफियती तर या कामीं विशेष मोलाच्या. त्यांत वंशावळ, हुद्दा व मूळ नांव हीं तिन्ही एका ठिकाणीं येतात.

वाकनिशीच्या नेमणुकीची किंवा वाकनिशीच्या कारकुनाच्या वेतनाची सनद, यादी अगर कैफियत कोणाच्या संग्रहीं असल्यास तिची मोडी नक्कल, कागदाचें मोजमाप व शिक्क्याचा ठसा मंडळाकडे पाठवावा. मूळ कागद मालकांजवळच राहूं द्यावा. फक्त तो माळ्यावरून खालीं आणून कोरड्या जागीं ठेवावा.